किडे मारवत नाहीत, पण घरातून जायला तर हवेत

पत्र: ताई, मला किडे मारवत नाहीत हे आधीच सांगते. आमच्या तांदळात सोंडे झालेत. मी रोज तांदूळ परातीत पसरते, एकेक सोंडा वेचते आणि बाल्कनीतल्या कुंडीत सोडते, तरी दोन दिवसांनी परत तेवढेच. आता कडधान्याच्या बरणीतही छोटे भुंगेरे दिसतायत आणि दाण्यांवर पांढरे ठिपके आलेत, बुरशी आहे का ती? त्यात कपाटात लोकरीच्या कपड्यांवर केसाळ अळ्या सापडल्या. रात्री लाइटवर मोठे काळे भुंगेरे येतात, मुलगी त्यांना घाबरते आणि कोणी मारलं की रडतेही. नवरा म्हणतो एकदाच काय तो स्प्रे मारू आणि विषय संपवू. मी उगाच हळवेपणा करतेय का? कोणालाही न मारता हे थांबेल का?

उत्तर:

हळवेपणा वगैरे अजिबात नाही हो. फळमाशीच्या अळीला गरम टोकाचा चटका बसला तर ती कुशीवर लोळत लोळत तिथून पळते, म्हणजे इजा होतेय हे किड्याच्या शरीराला कळतं एवढं तर नक्की आहे. त्यापुढे त्याला आपल्यासारखं दुखतं का यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, ते चालू देत, पण कमी त्रास देऊन काम होत असेल तर जास्त त्रास का द्यायचा हा तुमचा विचार मला मनापासून पटतो आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ देते. लाइटवर येणारे भुंगेरे एकही न मारता बाहेर काढता येतील. लोकरीतले बरेचसे. तांदळातले आणि कडधान्यातले, नाही. तिथे काही जीव जाणारच, आणि आपल्या हातात एवढंच आहे की ते कमीत कमी असावेत आणि झटकन, फार न तडफडता जावेत. हे ऐकून वाईट वाटेल पण पुढचं वाचा, कारण तुम्ही आत्ता जे करताय, म्हणजे रोज वेचून कुंडीत सोडणं, त्यात खरं तर जास्त जीव जातायत.

कसं ते सांगते. सोंड्याची मादी तोंडाच्या त्या लांब सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट पदार्थाने ते भोक बुजवून टाकते, इतकं बेमालूम की दाणा बाहेरून अख्खाच दिसतो. अळी आतच वाढते, दाणा आतून पोखरून खाते, आतच कोष होतो, आणि हवा गरम असेल तर महिनाभरात किंवा थोडं जास्त दिवसांत पूर्ण वाढलेला किडा भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे तुम्हाला परातीत दिसतात ते फक्त बाहेर आलेले, आतले अजून दाण्यात बसलेत आणि ते बोटांनी वेचता येत नाहीत. एक मादी आयुष्यात ३०० च्या आसपास अंडी घालू शकते. आता तुम्हीच बघा, आज डब्यात वीस सोंडे असताना आपण जीव जाईल म्हणून काही केलं नाही तर दोन महिन्यांनी त्याच डब्यात शेकडो असतात, आणि तेव्हा तर काहीतरी करावंच लागतं, बहुतेक वेळा रागाच्या भरात नवरा म्हणतो तो स्प्रेच येतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, दया करायची तर लवकर करा. जो किडा जन्मालाच आला नाही त्याला मारावं लागत नाही.

आणि कुंडीत सोडलेल्यांचं काय होतं? सोंडे साठवलेल्या धान्यावर जगणारे, कुंडीतल्या मातीत त्यांना खायला काही नाही. तांदळातला सोंडा उडू शकतो, म्हणजे काही परत घरात येतात आणि बाकीचे उपाशी मरतात. सुटका केली असं आपल्याला वाटतं पण त्यांच्या दृष्टीने ते फारसं बरं नाही. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाहीये, हेतू चांगलाच होता, पण खरं काय ते सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

तर आता काय करायचं. सगळ्यात आधी हे कुठून येतायत ते शोधा, आणि फक्त डब्यांत शोधू नका. घरात असं धान्य कुठे कुठे असतं जे आपण धान्य म्हणून मोजतच नाही! सांधे शेकायला गहू किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी असते ना, त्यात हमखास सोंडे निघतात. मुलीने शाळेसाठी डाळी आणि दाणे चिकटवून केलेलं चित्र, पक्ष्यांसाठी आणलेल्या दाण्यांचं अर्धवट पाकीट, कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं, मसाल्यांच्या मागे राहून गेलेली वाळक्या मिरच्यांची पुडी (मसाल्यात आणि तंबाखूत होणारा किडा वेगळा, छोटा तपकिरी, पाठीत वाकलेला, तो तर हळदीतही राहतो), कपाटाच्या फटीत सांडलेलं पीठ. एखादं पाकीट सुटलं तर बाकी सगळं साफ करून काही उपयोग नाही, परत तिथूनच सुरू.

मग जिवंत फिरणारे जेवढे स्वतःहून बाहेर पडतील तेवढे पडू द्या. सोंड्यांना ऊन आणि उजेड आवडत नाही, धान्य उन्हात पातळ पसरलं की ते चालत चालत कडेला आणि सावलीकडे जातात. परात किंवा चादर अशी ठेवा की एका बाजूला सावली असेल, घाई करू नका, आणि धान्य सारखं ढवळत राहू नका, कारण सोंड्याला हलवलं की तो पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहतो, आपल्याला वाटतं मेला, आणि तसाच तो पाण्यात जातो. तांदूळ धुवायच्या आधी ताटात पसरून दहा मिनिटं ठेवले तरी बरेचसे निघून जातात. निघालेले ब्रशने हलकेच कागदावर घ्या आणि घरापासून लांब, कंपोस्टच्या ढिगावर वगैरे सोडा. तिथेही सगळे जगतील असं नाही, पण निदान निसर्गात जशी संधी असते तशी मिळेल, आणि ते परत तुमच्या डब्यात येणार नाहीत. शेतात किंवा दुसऱ्याच्या धान्याजवळ मात्र सोडू नका, विशेषतः कडधान्यातले भुंगेरे, ते उभ्या पिकातल्या शेंगांवरही अंडी घालतात.

उरले दाण्याच्या आतले. त्यांच्यासाठी फ्रीजर. धान्याची छोटी छोटी पाकिटं करा, नीट बंद करा, आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस, मोठं पाकीट असेल तर आठवडाभर ठेवा, कारण मध्यभागापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. खालच्या फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही, तिथे ते नुसते सुस्त होऊन थांबतात आणि बाहेर काढलं की परत चालू. किड्याच्या शरीराचं तापमान आजूबाजूच्या तापमानाप्रमाणे बदलतं, थंडी वाढली की आधी त्याची हालचाल मंद होते, मग तो निपचित होतो, आणि त्यानंतर मरतो. माझ्या मते घरात करता येण्यासारख्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात सौम्य आहे. त्यात अंडी आणि इवल्याशा अळ्या जातात, म्हणजे पुढची पिढी सुरूच होत नाही. फ्रीजरमधून काढल्यावर पाकीट लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं आणि मग बुरशी.

खरं तर हे उलट क्रमाने केलं तर उत्तम. धान्य घरात आलं की किडे दिसायची वाट न बघता आधी फ्रीजरची फेरी, मग कोरड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या पातळ पिशवीवर विसंबू नका, काही किडे ती कुरतडून आरपार जातात. ओल असेल तर कीड भराभर वाढते म्हणून डबा आणि धान्य दोन्ही खडखडीत कोरडं. आणि थोडं थोडं आणा, जुनं संपल्याशिवाय नवं त्यात ओतू नका, ही एक सवय लागली तरी अर्धं काम झालं.

पिठात सापडले तर तो सोंडा नसतो, तो लालसर चपटा पोरकिडा, तीन-चार मिलिमीटरचा. त्याला अख्खा दाणा फोडता येत नाही, म्हणून तो पिठात आणि फुटलेल्या दाण्यांत राहतो. चाळून मोठे किडे निघतात पण अंडी इतकी बारीक आणि चिकट असतात की ती पिठासोबत चाळणीतून खाली येतात, त्यामुळे चाळल्यावर ते पीठ फ्रीजरमध्ये गेलंच पाहिजे. पिठाला उग्र वास यायला लागला असेल किंवा रंग गुलाबीसर झाला असेल तर ते खाऊ नका, हे किडे अंगातून एक रसायन सोडतात त्याचा तो परिणाम. साध्या तांदळात दोन सोंडे निघाले तर मात्र घाबरायचं कारण नाही, ते चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, निवडून धुऊन तांदूळ वापरता येतात.

तुमच्या कडधान्यावरचे पांढरे ठिपके बुरशी नाही, ती अंडी आहेत. भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवरच अंडं चिकटवते, अळी तिथून थेट दाण्यात शिरते. हे दिसलं ते चांगलंच झालं, कारण सोंड्यासारखं इथे लपलेलं नसतं, डोळ्यांनी कळतं. पूर्ण वाढलेला भुंगेरा बरणीत काही खातही नाही, दहा-बारा दिवस जगतो, जोडी जुळवतो, अंडी घालतो आणि जातो. म्हणून मोठ्यांना झाकण उघडून बाहेर जाऊ दिलं तरी चालेल पण ठिपकेवाले दाणे त्याच दिवशी फ्रीजरमध्ये. पुढच्या वेळी अख्ख्या कडधान्याला थोडं खायचं तेल चोळून ठेवा, तेलाच्या थरामुळे अंडी टिकत नाहीत. शक्य असेल तिथे डाळ करून ठेवा, फुटलेल्या साल काढलेल्या डाळीत हा किडा फारसा वाढत नाही.

आता लोकर. त्या केसाळ अळ्या कार्पेट बीटल नावाच्या भुंगेऱ्याच्या. पूर्ण वाढलेला किडा गोलसर, ठिपक्याठिपक्यांचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, आणि त्याला तुमच्या कपड्यांशी काही देणंघेणं नसतं, तो फुलांतले परागकण खातो. तो तुम्हाला खिडकीच्या काचेवर दिसेल, बाहेर जायचंय म्हणून धडपडत असतो बिचारा, तर खिडकी उघडा, बस. खातात त्या अळ्या: लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे. स्वच्छ सुती कपड्याच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत, पण घाम किंवा खाण्याचे डाग असले तर तेही खातात. त्यामुळे लोकरीचे कपडे घालून झाल्यावर तसेच कोंबून ठेवू नका, धुऊन, झटकून, बंद पिशवीत. कपाटाच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, गालिच्याच्या कडेखाली केसांचे आणि धुळीचे जे गोळे होतात ते त्यांचं घर आहे, ते नियमित काढत राहिलात तर अळ्यांना राहायला कारणच उरत नाही. ट्यूबलाइटच्या कव्हरमध्ये साचलेले मेलेले किडे आणि खिडकीच्या वर पक्ष्याने सोडून दिलेलं रिकामं घरटं हेही बघा. रिकामं म्हणजे खरंच रिकामं, अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. कपड्यांवरच्या अळ्या बाहेर नेऊन हलकेच झटकल्या तर चालतं, बाहेर जुन्या घरट्यांत आणि वाळलेल्या पिसांत त्या राहतातच. हाताने नको, त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते, कित्येकांना वाटतं ढेकूण चावले. झटकल्यावरही लोकरीत अंडी राहतात, तो कपडा पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.

डांबराच्या गोळ्यांचं मला अजिबात आवडत नाही. त्यातलं नॅफ्थलिन घरात श्वासातून जातं, लहान मूल तोंडात घालू शकतं, आणि काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या लाल पेशी त्याने फुटतात. लहान मुलगी असलेल्या घरात नकोच.

रात्रीचे मोठे भुंगेरे, हे सगळ्यात सोपं. ते तुमच्या घरात राहायला आलेले नाहीत, दमट गरम रात्री उजेडाला भुलून चुकलेत. पांढऱ्या, निळसर लाइटवर जास्त येतात, पिवळसर एलईडीवर कमी, म्हणून खिडकीजवळचा आणि दाराबाहेरचा दिवा बदला, पडदे ओढा, जाळी लावा. आत आलाच तर खोलीतला लाइट बंद करून बाहेरचा थोडा वेळ लावा, बरेचदा स्वतःच जातो. नाहीतर त्याच्यावर ग्लास पालथा घालायचा, खालून जाड कागद सरकवायचा, आणि नेऊन अंधारात, मातीत, पानांखाली सोडायचा, दिव्याखाली फरशीवर नाही, तिथे तो रात्रभर गोल गोल फिरत बसतो आणि उलटा पडला तर काही भुंगेऱ्यांना परत सरळ होता येत नाही. हे काम मुलीला द्या. ग्लास तिच्या हातात दिलात की भीती कमी होते असं मला वाटतं, कारण आता तिला काय करायचं ते माहीत असतं. आणि ती विचारेल की तांदळातले किडे कुठे गेले, तर खरं सांगा, लपवू नका. काही बाहेर सोडले, काही फ्रीजरमध्ये गेले, आणि आता नवीन होऊ नयेत म्हणून आपण डबे नीट बंद करतोय, एवढं लहान मुलांना कळतं.

एक किडा मात्र तिला नीट दाखवून ठेवा, फोटोत तरी. मुंगीसारखा बारीक, लांबट, नारिंगी-काळे पट्टे, सेंटिमीटरपेक्षा लहान, तोही लाइटवर येतो. हाही भुंगेऱ्यांच्याच कुळातला, नाव पिडेरस. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातल्या पेडेरिन नावाच्या विषाने एक-दोन दिवसांत कातडीवर भाजल्यासारखे लाल चट्टे आणि फोड येतात. अंगावर बसला तर थापट मारायची नाही, फुंकर घालायची किंवा कागदावर चढवून घ्यायचा, आणि चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवायचं, तो हात डोळ्याला लावायचा नाही. बघा, इथे न मारणं हे किड्याच्या आणि आपल्या दोघांच्याही भल्याचं आहे.

तुमच्या नवऱ्याशी बोलताना दयेचा मुद्दा बाजूला ठेवलात तरी चालेल. त्यांना सांगा की स्प्रे दाण्याच्या आत पोचत नाही. वरचे किडे मरतात, आतले महिनाभराने बाहेर येतात, आणि विष मात्र आपल्या खाण्याच्या कपाटात राहतं. घरातल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये पायरेथ्रॉइड प्रकारचं कीटकनाशक असतं, ते किड्याच्या नसांवर काम करतं, तो लगेच मरत नाही, पाय झाडत तडफडत राहतो. मांजर असेल तर त्यातलं परमेथ्रिन मांजरासाठी फार घातक, मासे पाळले असतील तर त्यांनाही. चिकट सापळे मला त्याहून वाईट वाटतात, किडा जिवंतपणी अडकून सुकून मरतो. डायटोमेशस अर्थ म्हणून जी पांढरी पावडर ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर घालवते आणि तो हळूहळू कोरडा पडून मरतो, नैसर्गिक असेल पण सौम्य नक्की नाही.

आणि धान्यात ठेवायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या, त्या कोणी कितीही सांगितलं तरी घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद घरात त्याने माणसं गेलेली आहेत, त्या गोळ्या फक्त प्रशिक्षित लोकांनी मोठ्या गोदामात वापरायच्या असतात. ह्या एका बाबतीत घरात वाद झाला तर होऊ दे, पण ऐकू नका.

आता या आठवड्यात एवढंच करा: आज शोधाशोध, उद्या ऊन, मग फ्रीजर आळीपाळीने, जागा असेल तशी. फ्रीजर लहान असेल तर जास्त किडलेलं धान्य आधी. जे अगदीच भुगा झालंय ते ठेवू नका, त्याचंही पाकीट गोठवून मग कंपोस्टमध्ये टाका. रिकामे डबे गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, झाकणाच्या आटीत आणि कपाटाच्या फटीत ब्रश फिरवा, तिथे पीठ राहतं. त्यानंतर सहा आठवडे डबे अधूनमधून उघडून बघत राहा, कारण एक पिढी पूर्ण व्हायला तेवढा वेळ लागू शकतो. त्यानंतरही नवीन सोंडा दिसला तर धान्याला परत हात लावू नका, घरात अजून एक विसरलेलं पाकीट आहे असं समजा आणि सगळ्यात आधी ती शेकायची पिशवी उसवून बघा.